आधी मोजणी : मेळघाटातल्या एका टॉवरवरचा दिवस

[दृश्य : पहाट. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारा घाट, गाडीच्या पुढच्या काचेतून.]

परतवाडा मागे पडला की रस्ता सातपुड्यात शिरतो. घटांग, सेमाडोह, हरिसाल ही नावे एकेक करून पाट्यांवर येतात आणि मागे जातात. मृगाची पहिली सर परवा रात्री येऊन गेली आहे आणि सागाच्या बुंध्यांशी माती अजून ओली आहे. गाडीत दोन माणसे आहेत : एक तंत्रज्ञ आणि एक रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा कामगार. मागच्या सीटवर दोराचे वेटोळे, दोन सेफ्टी बेल्ट, एक टॉर्क पाना आणि जाड पिशवीत जपून ठेवलेला साइट अ‍ॅनालायझर, म्हणजे केबल आणि अँटेना तपासणारे मोजणीयंत्र, आहे. या शेवटच्या वस्तूसाठी दोघे दोन दिवस थांबले, कारण तीन तालुके मिळून ती एकच आहे.

जायचे आहे धारणी तालुक्यातल्या एका चाळीस मीटर उंचीच्या टॉवरकडे. तक्रार एका ओळीची आहे : सेक्टर दोन, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर खराब. सेक्टर म्हणजे टॉवर ज्या बाजूंना रेंज देतो, त्यांपैकी एक बाजू. याच ओळीवरून तीन आठवड्यांपूर्वी वरचे अख्खे रेडिओ युनिट बदलण्यात आले होते. नवे युनिट बसले, पंधरा दिवस कोरडे गेले, मग वळवाचा पाऊस झाला आणि तीच ओळ पुन्हा नोंदली गेली.

[दृश्य : टॉवर, खालून वर. कॅमेरा अँटेनाच्या मागच्या राखाडी डब्यावर थांबतो.]

अँटेनाच्या मागे जो राखाडी डबा दिसतो आहे, तेच हे रिमोट रेडिओ युनिट. तंत्रज्ञांच्या बोलण्यात ते नुसते ‘आरआरयू’ असते. खालून ऑप्टिकल फायबरमधून आलेला संदेश या डब्यात रेडिओ लहरीचे रूप घेतो; पण ही लहर सुरुवातीला फार दुबळी असते आणि तिला बळ देण्याचे काम आतला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर करतो. डब्याच्या दोन शाखा, म्हणजे प्रक्षेपणाच्या दोन वाटा, आहेत; त्यांपैकी एका शाखेतून चाळीस वॅट, म्हणजे जुन्या काळच्या एका छोट्या बल्बइतकी शक्ती बाहेर पडते आणि तेवढ्यावर डोंगराच्या उतारावरची वस्ती बोलू लागते.

या अ‍ॅम्प्लिफायरची घडण समजून घेण्यासारखी आहे. १९३६ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये विल्यम डोहर्टी यांनी रेडिओ प्रक्षेपण केंद्रांसाठी एक रचना मांडली. तिच्यात एक अ‍ॅम्प्लिफायर सतत काम करतो आणि दुसरा केवळ गरज पडेल तेव्हा मदतीला येतो. घाटाच्या चढावर भरलेल्या बंडीला बैलांची दुसरी जोडी जुंपावी आणि सपाटीवर ती सोडून द्यावी, तसा. त्या काळी हे काम काचेच्या व्हॉल्व्हने होत असे. आज तीच कल्पना नखाएवढ्या ट्रान्झिस्टरांमध्ये उतरून जगभरच्या मोबाइल टॉवरांवर बसली आहे, कारण तिच्यामुळे विजेची बचत होते आणि डबा कमी तापतो. तरीही घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊनच बाहेर पडतो. डब्याला मागे ज्या पात्यांच्या रांगा आहेत, त्या एवढ्यासाठीच आहेत. पंखा नाही, वाऱ्याने जेवढे निवेल तेवढेच. ज्या मुलखात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापलीकडे जातो, तेथे या पात्यांमध्ये धूळ साचली किंवा गांधीलमाश्यांनी घर केले, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आपणच कमी करतो आणि गावाला वाटते की दुपारची रेंज जाते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी अ‍ॅम्प्लिफायर टॉवरच्या पायथ्याशी, खोलीतल्या कपाटात असे. कप्पा ओढला की तो हातात येई. पण तेथून निघालेली शक्ती चाळीस मीटर जाड केबल चढून जाताना वाटेतच सुमारे तीस टक्के विरत असे, म्हणून तो वर, अँटेनाच्या शेजारी गेला. त्यात फायदा झाला हे खरे, पण तेव्हापासून दुरुस्ती करणाऱ्या माणसालाही वर जावे लागते.

[दृश्य : कुंपणाचे फाटक. बॅटऱ्यांची खोली. मल्टिमीटरचा पडदा.]

सकाळचे आठ वाजले आहेत आणि अजून कोणीही वर चढलेले नाही. तंत्रज्ञ आधी लॅपटॉप उघडतात आणि मागच्या आठ दिवसांचे अलार्म तारीखवार लावून घेतात. पडद्यावर जे दिसते ते बोलके आहे. सेक्टर दोनच्या ‘बी’ शाखेचा अलार्म पहाटे चारच्या सुमारास येतो, उन्हे तापली की अकरानंतर आपोआप जातो आणि ढगाळ दिवशी जातच नाही. ट्रान्झिस्टर थकलेला असता, तर त्याने बहुधा भर दुपारी, डबा सर्वांत तापलेला असताना, मान टाकली असती. हा दोष उन्हात बरा होतो आणि दवात आजारी पडतो. एवढी नोंद तीन आठवड्यांपूर्वी कोणी वाचली असती, तर तो जड डबा कप्पीवरून खाली-वर झाला नसता.

मग वीज. टॉवरवरची यंत्रे उणे अठ्ठेचाळीस व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालतात. धन टोक जमिनीला जोडलेले असते, कारण त्यामुळे ओलाव्यात तांबे लवकर झिजत नाही. खालून वर चढणाऱ्या तारेत शक्ती गळत असेल, तर भार वाढताच अ‍ॅम्प्लिफायर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दूर बसलेल्या माणसाला तो खराब झाल्यासारखा दिसतो. म्हणून मोजणी दोन टोकांना करायची असते. खाली ५३.६ व्होल्ट, रिगर वर पोहोचल्यावर तेथे, भार चालू असताना, ५२.१. पुरवठा निर्दोष आहे. अर्थिंगच्या पट्टीचे बोल्ट आवळलेले आहेत. संशयितांच्या यादीतली दोन नावे कमी झाली.

[दृश्य : चढण. दोन हुकांचा बेल्ट, एक हुक सुटतो, दुसरा अडकलेला राहतो.]

या हुकांकडे पाहा. एक सोडण्याआधी दुसरा अडकलाच पाहिजे. पश्चिमेकडे ढग दिसला तर चढायचे नाही आणि कनेक्टरला हात लावण्याआधी त्या शाखेचे प्रक्षेपण नियंत्रण कक्षाकडून बंद करून घ्यायचे, कारण चाळीस वॅटच्या रेडिओ लहरीचा चटका दिसत नाही, पण बोट भाजते.

आज जे केले जाते ते सोपे आहे आणि म्हणूनच मोलाचे आहे. आरआरयूच्या तळाशी दोन तोंडे आहेत, ‘ए’ आणि ‘बी’. प्रत्येकापासून तीन मीटरचा एक जम्पर, म्हणजे लवचीक केबलचा तुकडा, अँटेनाकडे जातो. रिगर दोन्ही जम्परांची अदलाबदल करतो. प्रक्षेपण पुन्हा सुरू होते. अलार्म आता ‘ए’वर आला आहे. दोष जर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असता, तर तो आपल्या जागीच, ‘बी’वर राहिला असता. तो केबलच्या मागे चालत गेला.

तंत्रज्ञांचे एवढ्यावर समाधान होत नाही. ‘बी’ तोंडाला ते मध्ये वॅटमीटर धरून डमी लोड लावायला सांगतात. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी बसवलेला पन्नास ओहमचा रोध. आलेली सगळी शक्ती तो गिळतो आणि परत काहीच पाठवत नाही. नियंत्रण कक्ष पूर्ण भाराचा चाचणी संकेत सोडतो. वॅटमीटरचा काटा ३९ वॅटवर स्थिर होतो. रिगरच्या हाताला डमी लोड कोमट लागतो. ज्याला खराब म्हटले गेले, तो अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे.

[दृश्य : अ‍ॅनालायझरचा पडदा, जवळून. हिरवी रेघ आणि तिच्यावरचे एक शिखर.]

आता दोन दिवस ज्याची वाट पाहिली, ते यंत्र. पाटातले पाणी वाटेत मातीचा बांध आडवा आला की आपटून मागे फिरते. रेडिओ लहरीचेही तसेच आहे. केबल, कनेक्टर आणि अँटेना सगळीकडे पन्नास ओहमचे असतील, तर लहर सरळ पुढे जाते, आणि कोठे हा मेळ बिघडला, तर तिचा काही भाग उलटा फिरून अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर येतो. या उलट्या लाटेचे माप ‘व्हीएसडब्ल्यूआर’ या आकड्याने सांगतात. तो एक असेल तर काहीच परत येत नाही, दीड असेल तर चार टक्के शक्ती परत येते, दोन असेल तर अकरा टक्के. येथे पडद्यावर तो आकडा दोन दिसतो आहे. चाळीसपैकी सुमारे साडेचार वॅट रोज पहाटे या अ‍ॅम्प्लिफायरवर माघारी येत होते आणि तो स्वतःच्या रक्षणासाठी शाखा बंद करत होता. त्याला सांगितलेले काम तो चोख करत होता आणि दोषीही तोच ठरत होता.

हेच यंत्र दोष किती अंतरावर आहे हेही सांगते, मात्र त्याला केबलचा प्रकार आधी बरोबर सांगावा लागतो, कारण केबलमध्ये लहर प्रकाशापेक्षा हळू धावते आणि तो वेग प्रत्येक केबलचा वेगळा असतो. शिखर २.९ मीटरवर आहे. जम्पर तीन मीटरचा. म्हणजे दुसरे टोक. अँटेनाच्या तळाशी असलेला कनेक्टर.

[दृश्य : रिगरची बोटे. टेप सोलली जाते. हे दृश्य तोडू नये.]

ही साधी काळी टेप आहे, घरातल्या वायरीला गुंडाळतात ती, एकच थर, वरून खाली गुंडाळलेला. नटाला पाना लावताच तो जोर न करता फिरतो. कनेक्टर उघडतो. मधल्या पांढऱ्या इन्सुलेटरवर पाण्याचा एक थेंब आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवती तांब्यावर हिरवा थर चढला आहे. रिगर कनेक्टर तिरपा करतो आणि थेंब हलतो.

पाणी येथे आले कसे, हे त्या टेपकडे पाहिले की कळते. मेळघाटातल्या घरांवरचे कवेलू वरच्या ओळीची कड खालच्या ओळीवर येईल असे रचलेले असतात, म्हणून पाणी आत न शिरता उतरते. कनेक्टरवरची टेपही तशीच बसायला हवी : शेवटचा थर खालून वर चढत गुंडाळायचा, म्हणजे प्रत्येक वेढ्याची कड खाली तोंड करून राहते. वरून खाली गुंडाळलेल्या टेपची प्रत्येक कड वर तोंड करून पावसाची वाट पाहत असते.

पुढचे काम सावकाश चालते आणि ते सावकाश पाहावे. अँटेनाचे तोंड अल्कोहोलने पुसून वाळवले जाते. नवा जम्पर बसतो. नट आधी हाताने, मग टॉर्क पान्याने. या जाड जातीच्या कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटरचा जोर लागतो, हाताचा अंदाज येथे चालत नाही. पाना ‘कट्’ असा आवाज करतो आणि रिगर थांबतो. त्यानंतर टेपचा पहिला थर, त्यावर ब्युटाइल रबराची चिकट पट्टी अंगठ्याने दाबून दाबून बसवलेली, त्यावर पुन्हा टेप, खालून वर. जम्परला कनेक्टरपाशी ताण येणार नाही असा सैल झोल दिला जातो. अ‍ॅनालायझर पुन्हा लावला जातो. परत येणारी शक्ती आता एक टक्क्याच्याही आत आहे.

अ‍ॅम्प्लिफायर खरोखर जळतातच. वीज जवळ पडली की ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, वर्षानुवर्षांच्या ताप-थंडीने आतल्या सोल्डरला तडे जातात, आणि तेव्हा डबा बदलण्यावाचून इलाज नसतो. तो टॉवरवर उघडता येत नाही. पण ते ठरवायला हीच मोजणी लागते. तीन आठवड्यांपूर्वी उतरवलेले युनिट ‘खराब’ अशी चिठ्ठी लागून दुरुस्तीला गेले आहे.

[दृश्य : वस्तीच्या वरची टेकडी. फोन उंच धरलेली एक बाई. आवाज नाही.]

या काळात टॉवरच्या या अंगाला रेशनचे ई-पॉस यंत्र, आशाताईंचा फोन आणि १०८ला लावलेली हाक, सगळेच सकाळच्या वेळी अडखळत होते.

[दृश्य : टॉवरचा पायथा, दुपार. कुंपणापाशी गावातला एक मुलगा.]

“भाऊ, रेंज कवा येईन?” असे तो विचारतो. रिगर आपल्याच फोनकडे बोट दाखवतो.

साइटच्या नोंदवहीत एक रकाना आहे : बदललेला भाग. तंत्रज्ञ त्यात ‘जम्पर, एक’ असे लिहितात. मोजलेले आकडे लिहायला वहीत रकाना नाही. ते समासात, बारीक अक्षरात, आडव्या ओळीने लिहितात : दोन टोकांचे व्होल्ट, वॅटमीटरचे वॅट, आधीचा आणि नंतरचा व्हीएसडब्ल्यूआर, टॉर्क, टेप कोणत्या बाजूने गुंडाळली. लिहायला चढण्याइतका वेळ लागत नाही. तो रकाना वहीत छापला जावा आणि प्रत्येक तालुक्याला स्वतःचा अ‍ॅनालायझर मिळावा, एवढ्या दोन मागण्या ते गेली काही वर्षे करत आहेत.

काढलेला जम्पर ते फेकत नाहीत. हिरवे झालेले टोक कापून कागदात गुंडाळतात आणि बॅगेच्या पुढच्या खणात ठेवतात. परतवाड्याला या महिन्यात चार नवी मुले कामाला लागली आहेत. हे टोक त्यांना हातात द्यायचे आहे.