एका डुकरिणीचा खटला

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय सतराव्या शतकातल्या अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बॉस्टनला. इंग्लंडहून आलेल्या माणसांनी 1630 साली वसवलेलं गाव. घर म्हणजे एक मोठी खोली आणि तिच्यात भलंमोठं चुलाण. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. विझले तर शेजारून विस्तव मागून आणायचा. हे तुम्हाला मी काय समजावणार, आपल्या आज्या हेच करायच्या. जेवायला मक्याच्या पिठाची लापशी, आणि हिवाळ्यासाठी पिंपात खारवलेलं डुकराचं मांस. हे डुकराचं लक्षात ठेवा, बरं का.

डुकरं मोकाट असत. कुंपण घालायचं ते शेताला, डुकराला नाही. ओळख पटावी म्हणून प्रत्येक घर आपल्या डुकराच्या कानाला वेगळी चीर द्यायचं.

तर 1636 साली अशीच एक भटकी डुकरीण रॉबर्ट केन नावाच्या व्यापाऱ्याकडे आली. त्याने गावात दवंडी पिटवली. माणसं आली, बघून गेली. माझी आहे असं कोणी म्हणेना. जवळजवळ वर्ष गेलं. केनची स्वतःचीही एक डुकरीण होती, ती त्याने कापली. आणि मग शर्मनबाई दारात हजर! माझी डुकरीण हरवलीय म्हणाल्या. भटकी दाखवली. खुणा जुळेनात. तेव्हा बाई म्हणाल्या, मग कापलीत तीच माझी!

आता कापलेल्या डुकरिणीचे कान कुठून आणणार?

प्रकरण आधी चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे गेलं. केन निर्दोष. मग कोर्ट. पुन्हा निर्दोष, वर खर्चाचे 3 पौंड मिळाले. त्याने उलट बदनामीचा दावा लावला आणि तोही जिंकला. पण गाव बाईंच्या बाजूचं. कारण हा केन माल चढ्या भावाने विकायचा. 1639 साली त्याबद्दल त्याला 200 पौंड दंड ठोकला होता; पुढे कमी केला, पण ठोकला. नाहीतर आपण! छापील किमतीवर दोन रुपये जास्त घेतले तर ‘जाऊ दे हो’ म्हणतो. मी म्हणत नाही. मी भांडतो, आणि घरचे दुकानाबाहेर जाऊन उभे राहतात. असो.

शर्मनबाईंचे यजमान तेव्हा इंग्लंडात. घरात बिऱ्हाडकरू म्हणून एक तरुण व्यापारी, जॉर्ज स्टोरी. त्या दोघांवरून कुजबुज होती, आणि त्याची तक्रार गव्हर्नरकडे नेणारा कोण? हाच केन! स्टोरीने ते मनात ठेवलं. गावभर हिंडून त्याने केनच्या बाजूचा एक साक्षीदार गाठला. आपण खोटी साक्ष दिली होती, अशी त्या साक्षीदाराने कबुली दिली. झालं, 1642 साली डुकरीण थेट वसाहतीच्या महासभेपुढे. ही सभा कायदेही करायची आणि खटलेही ऐकायची. तिच्यात मॅजिस्ट्रेट, म्हणजे कारभार पाहणारे वरिष्ठ अधिकारी, आणि गावोगावचे लोकप्रतिनिधी एकत्र बसायचे.

सात दिवस, श्रोतेहो. एका डुकरिणीवर सात दिवस! मतं मोजली. बाईंच्या बाजूने 2 मॅजिस्ट्रेट आणि 15 लोकप्रतिनिधी. केनच्या बाजूने 7 मॅजिस्ट्रेट आणि 8 लोकप्रतिनिधी. उरलेले 7 लोकप्रतिनिधी गप्प. प्रतिनिधी म्हणाले, आमची मतं जास्त. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आमच्या बहुमताशिवाय निकालच नाही. जॉन विन्थ्रॉप तेव्हा गव्हर्नर. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की अगदी क्षुल्लक निमित्तावरून मोठं प्रकरण उभं राहिलं.

भांडण मिटेना, तेव्हा 1644 साली मॅजिस्ट्रेट आणि प्रतिनिधींना वेगवेगळं बसवलं. दोन सभागृहं झाली, आपली विधानसभा आणि विधान परिषद असते तशी. मॅसॅच्युसेट्समध्ये आजही दोनच आहेत.

अरे, वेळ संपत आली, आणि साबण-मेणबत्त्यांचं सांगायचं राहूनच गेलं. साबणाचं एवढंच सांगतो: राखेतून पाणी गाळायचं, त्यात अंडं सोडायचं. बुडालं तर पाणी अजून कच्चं. तरंगलं की त्यात चरबी घालून उकळायला घ्यायचं. चरबी अर्थात डुकराचीसुद्धा चालायची.