दोन अक्षरांची जमीन

श्रोतेहो, नमस्कार. घरातली मुलं मोबाइलवर कुणाचा तरी गेम तासन्‌तास बघत बसतात, त्या ट्विचचा पत्ता कधी नीट पाहिलात का? त्याच्या शेवटी येतं ‘डॉट टीव्ही’. हे टीव्ही टेलिव्हिजनचं नव्हे. ते आहे तुवालूचं.

ऑस्ट्रेलिया आणि हवाईच्या दरम्यान, पॅसिफिक महासागरात नऊ छोटी बेटं आहेत. सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे अकरा हजार. 1978 साली इंग्रजांकडून स्वातंत्र्य मिळालं तेव्हा विकण्याजोगं तिथे होतं काय? खोबरं, परदेशी बोटींना द्यायचे मासेमारीचे परवाने आणि टपाल तिकिटं. तुमच्यापैकी जुन्या संग्राहकांच्या वहीत तुवालूचं एखादं तिकीट असेलही!

इंटरनेटचे पत्ते ठरले तेव्हा प्रत्येक देशाला दोन अक्षरं मिळाली. यादी नवी केली नाही. देशांच्या संक्षिप्त नावांची आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती, तीच उचलली. तिच्यात तुवालूपुढे होतं टी आणि व्ही. कुणाची हुशारी नाही, निव्वळ योगायोग. तुवालू सरकारने पुढे एका अमेरिकी कंपनीशी करार केला: ‘डॉट टीव्ही’चे पत्ते कंपनीने विकायचे, आणि तुवालूला बारा वर्षांत पाच कोटी डॉलर. या पैशातून राजधानी फुनाफुतीतले रस्ते डांबरी झाले, दिवे लागले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्चही निघाला. तो न परवडल्यामुळे हा देश इतकी वर्षं बाहेर होता. 5 सप्टेंबर 2000 रोजी तो 189वा सदस्य झाला.

पुढे या पत्त्यांचा कारभार व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि 2021च्या अखेरीस गोडॅडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीकडे. आता वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर मिळतात असं सांगतात. अकरा हजार माणसांच्या देशाला ही रक्कम मोठीच. पण हिशेबाच्या वह्या कायम परदेशातल्या कंपनीकडे, आणि मालक वाटा किती येतो याची वाट बघणार, हे मला तरी खटकतं. त्यातून गंमत पाहा, जगाचे व्हिडिओ ज्या नावावर चालतात त्या देशाचं स्वतःचं इंटरनेट अगदी अलीकडेपर्यंत उपग्रहाच्या भरवशावर रखडत चालत होतं.

आता समुद्र वर येतोय. तिथली सगळ्यात उंच जागाही पाचेक मीटरच्या आतच आहे. 2021 साली तिथले मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून जागतिक हवामान परिषदेसाठी भाषण केलं, ते जगभर दाखवलं गेलं. जमीनच गेली तर त्या दोन अक्षरांचं काय? अक्षरं यादीत असतात ती देश म्हणून मान्यता असते तोवर. युगोस्लाव्हिया फुटला, त्याचं ‘डॉट वाययू’ 2010 साली बंद केलं. सोव्हिएत संघाचं ‘डॉट एसयू’ मात्र संघ मोडून इतकी वर्षं झाली तरी चालूच आहे! म्हणजे नियम आहे, पण तो सगळीकडे सारखा लागत नाही.

तुवालूने या बेभरवशावर विसंबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. 2023 साली त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की हवामान बदलाने जमीन गेली तरी तुवालूचं राज्य कायम राहील. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाने एका करारात हे मान्य केलं आणि दर वर्षी 280 तुवालूवासीयांना आपल्याकडे राहायला यायची वाटही मोकळी केली. इतर देश काय म्हणतात, हे अजून ठरायचं आहे.

नमस्कार.