दाराअलीकडची माणसं : आन्येस जाउई

(दृश्य : स्वयंपाकघर. पलीकडच्या खोलीतून हसण्याचे आवाज.)

पॅरिसमधलं एक घर. दिवाणखान्यात जेवण रंगलंय, पाहुणा टीव्हीवरचा प्रसिद्ध माणूस आहे. पण नाटकभर तो आपल्याला दिसतच नाही. आपण बसलोय स्वयंपाकघरात. तिथे येऊन कुणी चडफडतं, कुणी रडू आवरतं, कुणी पुन्हा हसरा चेहरा करून बाहेर जातं.

१९९१ सालचं हे नाटक दोन नटांनी मिळून लिहिलं होतं. आन्येस जाउई आणि झाँ-पिएर बाक्री.

आन्येसचा जन्म १९६४चा, ट्युनिशियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातला. अभिनय ती शिकली पॅरिसजवळच्या नाँतेरच्या नाट्यशाळेत, दिग्दर्शक पात्रिस शेरोच्या हाताखाली. १९८७ साली इंग्रज नाटककार पिंटरच्या एका नाटकात तिला बाक्री भेटला. तोही भूमध्य समुद्रापलीकडचा, अल्जेरियात जन्मलेला. पुढे दोघं संसारातही जोडीदार झाली आणि लिखाणातही.

त्यांचं दुसरं नाटक एका कॅफेत घडतं. कुटुंब जमलंय, सुनेचा वाढदिवस आहे. भेट म्हणून तिच्या हातात कुत्र्याचा पट्टा येतो आणि तिला तो गळ्यातला दागिना वाटतो. प्रेक्षक हसतात. पुढच्याच क्षणी ते हसू घशात अडकतं. माझ्या मते आन्येसची सगळी ताकद त्या एका क्षणात आहे. कुणी हात उगारत नाही, आवाज चढत नाही, आणि माणूस मात्र आतून सोलून निघतो.

ज्येष्ठ दिग्दर्शक आलाँ रेनेनं हे ओळखलं. दोघांची आडनावं जोडून तो त्यांना ‘जाबाक’ म्हणायचा. १९९७च्या त्याच्या चित्रपटात पात्रं बोलता बोलता मध्येच जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या ओळी म्हणू लागतात. पटकथा या दोघांची. आन्येसनं त्यात इतिहासाची संशोधक रंगवली. इसवी सन १०००च्या सुमाराला एका तळ्याकाठी राहणाऱ्या शेतकऱ्यांवर ती प्रबंध लिहितेय, आणि तो संपवता संपवता स्वतःच खचत चाललीय. या भूमिकेसाठी आन्येसला सहायक अभिनेत्रीचा सेझार, म्हणजे फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार, मिळाला. पटकथेचे सेझार दोघांनी मिळून चार वेळा घेतले.

(दृश्य : रंगमंचावरचा प्रकाश. अंधारात एक चेहरा.)

२००० साली, पस्तिशीत, ती पहिल्यांदा दिग्दर्शक झाली. चित्रपट ‘ल गू दे ओत्र’, म्हणजे दुसऱ्यांची आवड.

रुआँ शहरातला कास्तेला हा कारखानदार. पुस्तक नाही, नाटक नाही. भाचीचं छोटंसं काम आहे म्हणून नाइलाजानं सतराव्या शतकातल्या रासीनचं पद्यनाटक बघायला आलाय. नायिका बोलू लागते आणि त्याची चुळबुळ थांबते. ती तीच बाई आहे, त्याला इंग्रजी शिकवायला आलेली आणि त्यानं वाटेला लावलेली! आता तो तिच्या मित्रमंडळींत घुटमळत राहतो. ती कलावंत मंडळी त्याच्या तोंडावर त्याची टर उडवतात आणि याला कळतही नाही. तो कोरा, हौशी चेहरा बाक्रीचा आहे. तिथे आपल्याला लाज वाटते ती कास्तेलाची नाही, हसणाऱ्यांची.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार ‘ल गू दे ओत्र’ला मिळाला, ऑस्करचं नामांकनही. २००४ साली तिच्या ‘कॉम युन इमाज’ या चित्रपटाला कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. संसार मोडला, तरी दोघं एकत्र लिहीत राहिली. २०१८चा ‘प्लास प्युब्लिक’ हा तिनं दिग्दर्शित केलेला त्यांचा शेवटचा एकत्र चित्रपट. जानेवारी २०२१मध्ये बाक्री गेला.

मला मात्र त्या पहिल्या चित्रपटातला ड्रायव्हर आठवत राहतो. कास्तेलाची गाडी चालवणारा ब्रूनो बासरी शिकतोय. मिळेल त्या वेळी एकटाच बसून तेच ते सूर घोटतो. त्या सुरांचं गाणं काही होत नाही, ऐकणारा कंटाळतो.

अगदी शेवटी तो एका हौशी वाद्यवृंदात बसलेला दिसतो. शेजारी बाकीची वाद्यं सुरू होतात. ब्रूनो तेच सूर वाजवतो.

(वाद्यवृंद. आवाज हळूहळू वाढत जातो.)