गुब्बिओचे सात पट

(दृश्य : पहाट. डोंगरउतार, कौलारू छपरं.)

इंजिनो डोंगराच्या उताराला बिलगलेलं हे गुब्बिओ. इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं. चढत्या गल्ल्या, दगडी घरं आणि सगळ्यांच्या वर उभा पालाझ्झो देई कोन्सोली. हा वाडा चौदाव्या शतकातला. त्याच्या आत जे ठेवलंय, ते त्याहून कितीतरी जुनं.

(दृश्य : काचेमागचे पट, अगदी जवळून.)

कांस्याचे सात पट. १४४४ साली सापडले, १४५६ साली नगराने विकत घेतले. ताम्रपट म्हटलं की आपल्याला राजाचं दानपत्र आठवतं. इथे राजाही नाही आणि दानही नाही. ही आहे पूजेची पोथी, अतिएदी नावाच्या पुरोहितमंडळाची.

आधी पक्ष्यांचा शकुन बघायचा. मग गावाच्या तीन वेशींवर बळी द्यायचे. पहिली वेस त्रेबुलाना. तिच्यापुढे जुपिटर ग्राबोवियस या देवाला तीन बैल, तिच्यामागे त्रेबुस जोवियस या देवाला तीन गाभण डुकरिणी. कुठे मंत्र म्हणायचा, कुठे मनातल्या मनात प्रार्थना करायची, सगळं लिहिलेलं आहे. विधीत चूक झाली, तर पुन्हा त्रेबुलानापाशी यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

(दृश्य : एका ओळीवरून सरकणारा कॅमेरा.)

आपण उजवीकडून डावीकडे जातोय, कारण ही ओळ तशीच वाचायची. लिपी शेजारच्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या वळणाची, भाषा इथली जुनी उंब्रियन.

आता हा पट पाहा. ओळी डावीकडून उजवीकडे. अक्षरं रोमन, पण भाषा अजून उंब्रियनच. तोच वेशींचा विधी, आणखी विस्ताराने. लिपी बदलली तरी या लोकांनी आपला मंत्र आपल्याच बोलीत ठेवला.

आणि हे दोन शब्द. 'वेइरो पेक्वो'. देवा, आमची माणसं आणि आमची गुरं सांभाळ. आपले 'वीर' आणि 'पशू' याच मुळांतून आलेत. चित्रीकरण करताना आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते इथेच.

(दृश्य : खालचं मैदान, रोमन रंगमंदिराच्या कमानी.)

गावाबाहेरचं हे रोमन रंगमंदिर. गाव तेव्हा इगुवियम होतं, रोमचं जुनं मित्रनगर. इ. स. पूर्व ९०च्या सुमारास इथल्या लोकांना रोमचं नागरिकत्व मिळालं. पुढे लॅटिन घराघरांत शिरली, उंब्रियन बोलणारं कुणी उरलं नाही.

(दृश्य : पुन्हा तोच पट. निवेदन नाही.)