रविवारचं दळण, मंडई आणि उखळातली चटणी

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज रविवारबद्दल बोलायचंय, कारण कालचा माझा रविवार इतका भरगच्च गेला की रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी डोक्यात मंडईच चालू होती, आणि तरी मला तो दिवस फार आवडला.

सकाळी साडेपाचला मी आणि माझी लेक आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर चालायला गेलो. आता एवढं ऊन सुरू झालंय की आठ वाजले की चालणं नको वाटतं, त्यामुळे लवकरच बरं. पाण्यावर अजून अंधार, मधोमध देवळातले दिवे, आणि भुईकोट किल्ल्याच्या बाजूनं येणारा थोडा गार वारा. हा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदून घेतला असं आपण लहानपणापासून ऐकतो, लेकीला तेच सांगत होते तर ती म्हणाली, मशीन नव्हतं का गं आई? नव्हतं बाळा, हातानंच.

घरी आले तर नळाला पाणी आलेलं! आमच्याकडे चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पुढचा तासभर टाकी, पिंप, हंडे, कळशा, सगळं भरून घेतलं. तोही व्यायामच झाला म्हणायचा.

मग गिरणी. आम्ही मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणतो, तिकडच्या काळ्या रानातली, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. गिरणीवाले दादा दर वेळी सांगतात, "ताई, पीठ गरम हाय, झाकण लगेच लावू नका." बरोबर आहे, गरम पिठाला झाकण लावलं की आत घाम धरतो आणि पीठ लवकर खराब होतं. आणि एक, दळण थोडं थोडंच आणा, पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग उकळीचं पाणी घालून कितीही मळा, भाकरी थापताना कडेला चिरतेच.

लक्ष्मी मंडईतून मेथी, वांगी, लसूण घेतला, येताना चादरीच्या दुकानात पुण्याच्या नणंदेसाठी दोन चादरी घेतल्या, साडेअकरा वाजले.

पण खरा दिवस दुपारी सुरू झाला. सासूबाईंनी उखळ काढलं. शेंगाची चटणी मिक्सरमध्ये मीही वर्षानुवर्षं केलीय, दोन मिनिटांत होते, पण तो भुगा असतो हो, चटणी नसते. मिक्सरचं पातं दाणे कापतं, मुसळ त्यांना चेपतं, आणि दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, ते चेपूनच बाहेर येतं. दाणे अगदी मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडून टाकायची, मग लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, आणि कुटायचं. पहिली पाच मिनिटं नुसता भुगा दिसतो, माझा हात तेव्हाच भरून आला, मी थांबले तर आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "थांबू नको, आत्ता कुठं सुटायलंय." आणि खरंच, दोन-चार घाव बसले तसं ते कोरडं लाल पीठ एकदम ओलसर झालं, मुसळाला चिकटायला लागलं, आणि लसणाचा वास पार बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला.

मग लेकीनंही मुसळ धरलं, दोन्ही हातांनी, जमेल तसं, आईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला.

जेवायला कडक भाकरी, मेथी, भरलं वांगं, दही आणि ही चटणी. मोडलेल्या भाकरीत दही-चटणी कालवून लेकीनं दोनदा मागून घेतली. उरलेली बरणीत भरली, आज सकाळी तिच्या डब्यात तीच गेलीय.