जवळच्या माणसाबद्दल लिहिताना

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी मी विकिपीडियावर माझ्या एका शिक्षकांचा लेख लिहिला. सर शब्दकोशकार होते. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं मी कोशातल्या नोंदी तपासायचं काम केलं, आणि भाषेतलं मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्यांच्या टेबलाशी बसूनच कळलं. सर गेले आणि पंधरवड्याच्या आत मी लिहायला बसले. जन्म, शिक्षण, कोशाच्या आवृत्त्या, सन्मान, सगळं तारीखवार लिहिलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. एका परिच्छेदाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘त्यांच्या कोशाने अभ्यासकांच्या एका पिढीला नवी दृष्टी दिली.’

दुसऱ्या दिवशी त्या वाक्यापुढे कुणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून ठेवली होती. आणि लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाविषयी संपादक जिथे बोलतात त्या जोडपानावर, दोन ओळी होत्या : ‘लेख नेटका झाला आहे. आपण यांना ओळखत होता का?’

मला राग आला. ओळखत होते, म्हणूनच तर लिहिलं! मी नाही लिहायचं तर कुणी लिहायचं? तो राग दोन-तीन दिवस टिकला. मग एका संध्याकाळी कपाट आवरताना एक कात्रण हाती लागलं. सरांच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीवर एका अभ्यासकाने सविस्तर परीक्षण लिहिलं होतं. अनेक शब्दांच्या व्युत्पत्ती जुन्या कोशांमधून न पडताळता उचलल्या आहेत, असा त्यात उदाहरणांसह आक्षेप होता. हे कात्रण मीच कापून जपून ठेवलं होतं. आणि लेख लिहिताना ते मला आठवलंच नाही. मी ते लपवलं नव्हतं, श्रोतेहो. ते मनात आलंच नाही.

हितसंबंध गुंतलेले असणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. तोवर मला वाटायचं, हा अप्रामाणिक लोकांचा प्रश्न आहे. पैसे घेऊन लिहिणारे, स्वतःची जाहिरात करणारे, त्यांच्यासाठी विकिपीडियाचे हितसंबंधांचे नियम. पण आपुलकी काम करते ती वगळण्यातून. लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं असतं, आणि तरीही लेख एका बाजूला झुकलेला असतो. तो झुकलाय हे लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण तो स्वतःच त्या बाजूला उभा असतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. तिथे कुणीही लिहू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं, आणि प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात नोंदला जातो. लेखात काय यावं याचे मूळ दंडक तीन : दृष्टिकोन निःपक्षपाती असावा, प्रत्येक विधान पडताळता यावं, आणि लेखकाने स्वतःचं संशोधन त्यात घालू नये. हितसंबंधांचा नियम या तिघांच्या पोटातून येतो. स्वतः, घरचे, मित्र, मालक, अशील, ज्या संस्थेशी पैशाचं वा मानाचं नातं आहे ती संस्था, यांच्याविषयी लिहिताना थांबा, असं तो सांगतो. इथे एक गल्लत नेहमी होते. एखाद्याची राजकीय मतं ठाम असणं म्हणजे हितसंबंध नव्हे. मत प्रत्येकाला असतं. हितसंबंध हा नात्यातून येतो. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण नावं ठेवायला वापरतो. पण टाळी आपसूक वाजते, हेही तिच्यात आहे.

या मोहातून खुद्द संस्थापकही सुटले नाहीत. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या लेखात बदल केल्याचं २००५ मध्ये उघड झालं. दुसरे सहसंस्थापक लॅरी सँगर यांना सहसंस्थापक म्हणावं की नाही, हा त्यातला वादाचा मुद्दा होता. वेल्स यांनी पुढे खंत व्यक्त केली. ही गोष्ट मी नव्या संपादकांना आवर्जून सांगते. त्यांना हिणवण्यासाठी अजिबात नाही. ज्याने ही वास्तू उभारली त्यालाही स्वतःचा लेख जसाच्या तसा सोडवला नाही, तर आपल्याला ते जड जाणारच.

२००६ च्या सुरुवातीला अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका सदस्याच्या कार्यालयातून त्यांच्याविषयीचा लेख काढून तिथे कार्यालयाने तयार केलेला परिचय घातला गेल्याचं बाहेर आलं. त्यात एक जुनं वचनही गळलं होतं. चारच कार्यकाळ काम करीन, असं या सदस्यांनी पूर्वी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने विकिस्कॅनर नावाचं साधन लोकांसमोर ठेवलं. खातं न उघडता केलेल्या संपादनाशेजारी संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, नोंदला जात असे. ग्रिफिथने ते पत्ते कोणत्या संस्थांचे आहेत हे जुळवून दाखवलं. मतदान यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या जाळ्यातून त्या यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद पुसले गेले होते. आपलं ठेवावं झाकून!

मला मात्र २०१९ चं एक प्रकरण जास्त बोलकं वाटतं. द नॉर्थ फेस या कंपनीच्या जाहिरात मोहिमेत विकिपीडियावरच्या निसर्गस्थळांच्या लेखांमधली छायाचित्रं बदलली गेली. नव्या चित्रांमध्ये त्या कंपनीचे कपडे, पिशव्या दिसत होत्या. शोधयंत्रात ती चित्रं वरती यावीत, हा हेतू. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने उघड निषेध केला आणि मोहीम मागे घेतली गेली. लेखांतला शब्दही कुणी हलवला नव्हता. डोंगर खरा, तलाव खरा, माणूसही खरा. फक्त कुणाच्या खांद्यावर कोणती पिशवी, एवढाच प्रश्न होता. वाचकाला ते चित्र कुणी आणि का लावलंय हे माहीत नव्हतं, आणि फसवणूक झाली ती एवढ्यानेच.

पैसे घेऊन लिहिणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. १६ जून २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींमध्येच हे आलं की मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक कोण, अशील कोण, संबंध काय, हे जाहीर केलंच पाहिजे. सदस्यपानावर, म्हणजे स्वतःच्या खात्याच्या पानावर, चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत, यांपैकी निदान एका ठिकाणी. मोबदला म्हणजे फक्त रोख रक्कम नव्हे. वस्तू आणि सेवाही त्यात येतात. तरी त्यानंतरच्या वर्षी, २०१५ मध्ये, इंग्रजी विकिपीडियावर एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती बंद करावी लागली आणि २१० लेख काढावे लागले. त्या टोळीची पद्धत ऐकून अंगावर काटा येतो. ज्यांच्या लेखाचा मसुदा नाकारला गेला आहे अशा छोट्या व्यावसायिकांना, कलावंतांना ते गाठत आणि पैसे द्या, लेख चढवून देतो म्हणत. काहींकडून तर लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागितले गेले. नियम माहीत नसलेली साधी माणसं यात भरडली गेली. तुम्हाला असा कुणी निरोप पाठवला, तर कृपया एक रुपयाही देऊ नका. विकिपीडियावरच्या लेखाचं संरक्षण कुणीही विकू शकत नाही. पैसे देऊन मिळणारं संरक्षण अस्तित्वातच नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. ज्याच्यावर लेख आहे त्याने गप्प बसायचं का? जॉन सिगेनथॅलर या अमेरिकी पत्रकारावरच्या लेखात २००५ च्या मे महिन्यात कुणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं. या घटनेनंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांबाबत फार कडक धोरण आलं. त्यामुळे आज स्पष्ट बदनामी, उघड उत्पात, शुद्धलेखनाची चूक, एवढं तर तुम्ही स्वतःही दुरुस्त करू शकता. फक्त सारांशात खरं कारण लिहा.

कादंबरीकार फिलिप रॉथ यांची अडचण याहून नाजूक होती. त्यांच्या एका कादंबरीतलं पात्र कुणावरून सुचलं, याबद्दल विकिपीडियावर चुकीचं लिहिलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ते कळवलं, तर उत्तर आलं की लेखक हा आपल्या कृतीचा मोठा जाणकार खरा, पण आम्हाला दुय्यम, म्हणजे इतरत्र छापून आलेला आधार लागतो. सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, आणि त्या पत्राचाच आधार घेऊन लेखात त्यांचं म्हणणं नोंदलं गेलं. लोकांना हे हास्यास्पद वाटलं होतं. मला ते योग्यच वाटतं, जरी रॉथ यांना झालेला त्रास मला कळतो. आतल्या माणसाच्या माहितीला किंमत आहे. पण ती आधी उजेडात, सगळ्यांना वाचता येईल, कुणाला उत्तर देता येईल, अशा जागी यायला हवी.

मग करायचं काय? चर्चापानावर जायचं. लेखाला जोडूनच ते असतं, आणि बहुतेक वाचक तिथे कधी फिरकत नाहीत. समजा तुम्ही एका संस्थेत नोकरी करता आणि तिच्या लेखात स्थापनेचं वर्ष चुकलं आहे. तिथे असं लिहा : ‘मी या संस्थेत पगारी नोकर आहे. दुसऱ्या परिच्छेदातलं स्थापनेचं वर्ष चुकीचं आहे. या या वर्तमानपत्राच्या या तारखेच्या अंकात बरोबर वर्ष आहे. कृपया कुणीतरी पडताळून बदल करावा.’ चार वाक्यं. पहिल्यात नातं, दुसऱ्यात नेमकी जागा, तिसऱ्यात आधार, चौथ्यात विनंती. ‘आमच्या संस्थेवर अन्याय झाला आहे’ असं पानभर लिहिलंत तर वाचणाराही दमतो, आणि तो बिनपगारी असतो हे विसरू नका. उत्तराला आठवडे लागतात, कधी महिने. तो उशीर मलाही बोचतो. ज्याने नातं प्रामाणिकपणे सांगितलं तो रांगेत थांबतो आणि ज्याने लपवलं त्याचा बदल तासाभरात चढतो, ही या व्यवस्थेतली खरी दुखरी जागा आहे. तिच्यावर उपाय एकच दिसतो : आपल्यापैकी ज्यांना वेळ आहे त्यांनी ती रांग उपसावी. लेख लिहिण्याइतकंच ते महत्त्वाचं काम आहे.

आणि जे तपासणाऱ्या बाजूला आहेत त्यांनाही एक सांगायचं आहे. संशय आला म्हणून त्या सदस्याचं खरं नाव, नोकरीचं ठिकाण शोधून चव्हाट्यावर मांडू नका. नियमाने त्याला सक्त मनाई आहे, आणि माणुसकीनेही. मला विचारणाऱ्याने काय केलं होतं आठवा. आधी म्हटलं, लेख नेटका झालाय. मग विचारलं, ओळखत होता का. ‘तुम्ही हितसंबंध लपवताय’ असं त्यांनी लिहिलं असतं, तर मी तिथेच भांडले असते आणि कात्रण कपाटातच राहिलं असतं.

संग्रहालयं, ग्रंथालयं यांच्याकडे पाहिलं की हे नातं चांगल्या रीतीने निभावता येतं हेही दिसतं. २०१० मध्ये लियाम वायट पाच आठवडे ब्रिटिश म्युझियममध्ये ‘निवासी विकिपीडियन’ म्हणून राहिले. तिथल्या तज्ज्ञांचं ज्ञान आणि लेख लिहिणारे स्वयंसेवक यांची गाठ घालून देणं, हे त्यांचं काम. संस्थेची भलामण करणं त्यात नव्हतं. ही प्रथा पुढे अनेक देशांत गेली.

सरांच्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगते. मी चर्चापानावर लिहिलं, की मी त्यांची विद्यार्थिनी आणि सहायक होते, ‘नवी दृष्टी’चं वाक्य काढावं, आणि या परीक्षणाची दखल घ्यावी. अंक आणि पृष्ठ दिलं. सोबत आणखी एक विनंती केली. शेवटच्या वर्षी सरांना जवळजवळ दिसत नव्हतं, तरी एका हाताने भिंग धरून, दुसऱ्या हाताने ते चिठ्ठीवर नोंदी लिहीत. ‘ह’पर्यंत आले होते. हे लेखात यावं, असं मला फार वाटत होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वाक्य निघालं. परीक्षणाचा परिच्छेद आला, आणि त्याच परिच्छेदात तिसऱ्या आवृत्तीत सरांनी त्यातल्या कितीतरी व्युत्पत्ती दुरुस्त केल्याचंही आलं. त्या अनोळखी माणसाने तिसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना काढून वाचली होती. मी सहा वर्षं तिथे बसले होते आणि मला हे लिहायचं सुचलं नव्हतं. भिंगाची हकीकत मात्र नाकारली : ‘छापील आधार नाही, क्षमस्व.’

बरोबर होतं ते. ती हकीकत कुठेच छापलेली नाही. म्हणून आज इथे, आकाशवाणीवर, तुम्हाला सांगितली.

नमस्कार.