ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर कासव

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय स्थानिक स्वराज्य संस्था आणि वन्यजीव संवर्धन. नाव जरा जड आहे, पण मला सांगायचंय ते साधं आहे. एखाद्या दुर्मिळ प्राण्याचं बरंवाईट ज्या निर्णयांवर ठरतं ते बरेचसे निर्णय दिल्लीत होत नाहीत, मंत्रालयात पण होत नाहीत, ते ग्रामपंचायतीच्या मासिक मीटिंगमध्ये होतात आणि तेव्हा त्या प्राण्याचं नाव कुणी काढलेलं पण नसतं. पोल कुठे उभा करायचा, कचरा कुठे टाकायचा, गायरानात काय लावायचं, विहिरीला कठडा बांधायचा की पुढच्या वर्षी बघू, विषय हे असतात.

कोकणातलं एक गाव सांगते, नाव नको. आम्ही पहाटे किनाऱ्यावर गेलो होतो, आदल्या रात्री ऑलिव्ह रिडले कासवाचं एक घरटं फुटलं होतं. पिल्लू तळहातावर मावेल एवढं असतं, ते चालत गेलं की वाळूवर दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या बारीक खुणा उमटतात, सगळ्या पिल्लांच्या मिळून एक पंखा उघडल्यासारखी नक्षी होते आणि तो पंखा समुद्राकडे उघडायला हवा. इथे तो गावाकडे उघडला होता. आम्ही खुणांच्या मागे मागे गेलो, मर्यादवेलीतून, सुरूच्या झाडांतून, तर सगळ्या रेघा एका पोलच्या बुडाशी येऊन थांबल्या, वर पांढराशुभ्र एलईडी, नुकताच लावलेला. खाली अकरा पिल्लं, मुंग्या लागलेली. बाकीची कावळ्यांनी नेली असणार. कासवाचं पिल्लू रात्री जिकडे जास्त उजेड दिसतो तिकडे जातं, आणि लाखो वर्षं ती उजेडाची बाजू समुद्राचीच होती, त्याला आपला पोल कसा कळणार.

मी तशीच ग्रामपंचायतीत गेले, रागातच गेले. तिथे एक महिला सदस्य होत्या, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तो पोल आम्ही तीन वर्षं भांडून आणलाय. पहाटे मच्छीची टोपली घेऊन आम्ही त्याच वाटेने जातो. गेल्या पावसात माझ्या जावेला तिथेच साप चावला." आता यावर काय बोलणार? त्यांचं बरोबर होतं. मी काळोख मागायला आले होते आणि त्यांनी तो काळोख पायाखाली तुडवला होता.

मग आम्ही दोघी संध्याकाळी त्या पोलखाली जाऊन उभ्या राहिलो. उजेड नेमका कुठे हवाय ते बघितलं, तर हवा होता पायवाटेवर, वाळूवर नकोच होता. दिव्याला समुद्राच्या बाजूने पत्र्याचं झापड बसवलं, दिवा खाली वळवला, पांढऱ्याच्या जागी पिवळा लावला, कारण कासवांना पिवळ्या-लालसर उजेडाची ओढ पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा कमी असते. वायरमनने एका दुपारी काम संपवलं, खर्च दिवाबत्तीच्या हेडमधून. पुढच्या सीझनला त्याच पट्ट्यात फुटलेल्या घरट्याच्या रेघा मी समुद्रापर्यंत गेलेल्या बघितल्या आणि खरं सांगते, तिथेच वाळूत बसून घेतलं.

दिव्यासारखंच कचऱ्याचं. मच्छीची घाण किनाऱ्याच्या टोकाला टाकतात, तिथे कुत्री जमतात, आणि त्याच कुत्र्यांना रात्री कासवाच्या अंड्यांचा वास लागतो. आपण कुत्र्यांच्या मागे धावत बसतो, पण उकिरडा तसाच असेल तर कुत्री परत येणारच. जुन्नरकडे तेच वेगळ्या रूपात दिसतं, गावाबाहेर कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, आणि मग तोच बिबट्या रात्री कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१ ते २०२६) ६० टक्के पैसा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. म्हणजे कचरा उचलायला पैसा असतो, तो कासवाच्या नावाने मागायची गरजच नाही, फक्त आराखडा बनतो तेव्हा तिथे जाऊन बसावं लागतं. वन्यजीववाले तिथे जात नाहीत, हे माझं आपल्याच लोकांना सांगणं आहे.

वेळासचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांना, भाऊ काटदरे आणि मंडळींना, तिथे कासवाची अंडी चोरीला जातात हे कळलं. त्यांनी गावातल्याच माणसांना पहाटे गस्तीला घेतलं, वाळूत कुंपण घालून हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायची जागा केली, आणि काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले, गावातल्या घरांतच राहायला-जेवायला लागले. घरात चार पैसे आले आणि अंडी विकण्यापेक्षा पिल्लू दाखवणं परवडायला लागलं. पण पैशापेक्षा मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट, कासव गावाचं झालं. बाहेरच्या माणसाने वाळूत गाडी घातली तर गावातलंच कुणीतरी त्याला अडवतं.

आता उलट बाजू. माळढोक पक्षी. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यात माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, किती मोठं, तर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, तालुक्याची ठिकाणं सुद्धा आली. कुणाला विचारलं होतं? जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण, बांधकाम करायचं तर परवानगी, आणि वर्षानुवर्षं माणूस त्या पक्ष्याला आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा समजायला लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर पक्षी संपत आले होते. आज सोलापूरजवळच्या नान्नजला एक माळढोक दिसला तरी बातमी होते. कारणं बरीच आहेत, माळरानं नांगरली गेली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, सगळं मान्य. तरी मला वाटतं की पहिल्याच वर्षी गावोगावच्या ग्रामसभांना सोबत घेतलं असतं तर किमान त्या पक्ष्याच्या बाजूने बोलणारी माणसं तरी उरली असती.

माळरानाचं अजून एक आहे. सरकारी कागदात माळ म्हणजे पडीक. आणि पडीक दिसलं की कुणीतरी चांगल्या मनाने खड्डे खणून झाडं लावतं. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांना उघडं गवत लागतं, तिथे गिरिपुष्पाची रांग लावली की त्यांचं घर गेलं, आणि मेंढपाळाची चराई पण गेली. सरपंचांना हे एकदा माळावर उभं राहून दाखवलं की पटतं, मीटिंगमध्ये बोलून पटत नाही, असा माझा अनुभव.

कायद्यात ग्रामपंचायतीला किती जागा आहे हे पण बघा. जैवविविधता कायदा २००२, कलम ४१, प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, नियमांप्रमाणे त्यात किमान एक तृतीयांश महिला, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, करायची. वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही, मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागणार. झालं, धडाधड समित्या, धडाधड नोंदवह्या. एका गावची नोंदवही मी उघडली तर त्या गावात नसलेली झाडं लिहिलेली, आणि गावाच्या देवराईचा उल्लेखच नाही. वाईट वाटलं. पण समिती कागदावर तरी आहे ना, तर तिला जागं करता येतं. नोंदवही परत लिहिता येते, आणि ती लिहायला गावातल्या म्हाताऱ्या बायका आणि गुराखी यांच्याइतकं जाणणारं कुणी नाही.

आणि जिथे गाव जागं असतं तिथे काय होतं ते आंबोलीत दिसलं. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, महादेवाच्या मंदिराच्या कुंडात, एक छोटा मासा सापडला, जगाला नवीन, नाव नदीवरूनच ठेवलं, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, क्षेत्र फक्त २.११ हेक्टर. सव्वापाच एकर म्हणा. कायद्याप्रमाणे असं स्थळ सरकार जाहीर करतं ते स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, म्हणजे ग्रामपंचायतीचं मत लागतंच. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत पण वन्यजीव कायद्याने त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी ठेवलाय. खुर्ची आहे, त्या खुर्चीवर बसणाऱ्याला सगळी माहिती देऊन तयार करणं हे आपलं काम.

तुम्ही असा विषय ग्रामसभेत न्यायला जाल तेव्हा एवढं करा. आधी ग्रामसेवकांना भेटा, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात अजून भाऊसाहेबच. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या, एका पानाचा, कुठला सर्व्हे नंबर, काय करायचं, कोण करणार, कुठल्या हेडमधून. सूचक गावातलाच माणूस असू दे, तुम्ही मागे बसा. कोरमसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते लागतं, तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तुमची फेरी फुकट जाते, म्हणून आदल्या दिवशी वाडीवाडीत फिरा. आणि निवडणुकीच्या तोंडावर कुठल्याही एका पॅनलच्या स्टेजवर जाऊ नका, पुढची पाच वर्षं दुसरं पॅनल तुम्हाला उभं करणार नाही.

त्या पोलवाल्या गावात पहिल्या वर्षीच्या ठरावात कासव हा शब्दच नव्हता, विषय होता दिवाबत्ती दुरुस्ती. दुसऱ्या वर्षी त्या ताईंनीच विषय घातला, मला नंतर फोन करून वाचून दाखवला, विषय क्रमांक ७, कासवाच्या हंगामात किनाऱ्यावरचे दिवे व मच्छीच्या कचऱ्याबाबत. सभा होती २६ जानेवारीची. कोकणात तेव्हा घरटी वाळूत असतात आणि बरीचशी पिल्लं अजून बाहेर पडायची असतात, त्यामुळे तुमच्या गावात किनारा असेल तर अर्ज डिसेंबरातच देऊन ठेवा, नोटीस निघाली की विषय आत घ्यायला त्रास होतो.